माणसाचा ताप घोड्याला लागतो का?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. सोलापूर शहराबाहेर होटगी रस्त्याच्या बाजूला आमची छोटी पागा आहे. लग्नसराईत वरातीला घोड्या देणे हा घरचा जोडधंदा असून एरवी त्या आमच्याच सवारीसाठी असतात. सध्या घरात सर्वांना सर्दी, खोकला आणि ताप आहे, घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दारही त्यातून सुटलेले नाहीत. अशातच थोरल्या घोडीच्या नाकातून पाणी वाहू लागले असून ती अधूनमधून खोकते आहे. आईचे म्हणणे असे की आजारी माणसांनी पागेत पाऊल टाकू नये. मोतद्दार मात्र ठामपणे सांगतात की जनावराचे दुखणे माणसाला लागते, माणसाचे जनावराला कधीच लागत नाही. वाचायला घेतले तर जो तो घोड्याकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांविषयीच लिहितो. उलट दिशेने काही घडते का, आणि घडत असेल तर कोणत्या आजारांत, हे जाणकारांनी सांगावे.

माळशिरसकर
चर्चा होत राहील, पण आधी घोडीचा ताप मोजा. मोठ्या घोड्याचे तापमान गुदद्वारातून मोजल्यावर साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस भरते, त्यापुढे गेले तर डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका. थर्मामीटर पागेसाठी वेगळा घ्यावा, ही विनंती मी आपल्या घरातील लहान मुलांच्या वतीने करतो.

चादरवाला
माळशिरसकरांनी थर्मामीटरचा मुद्दा वेळेवर मांडला, अन्यथा धाग्याचा विषय पुढच्याच प्रतिसादात सिद्ध झाला असता.

पागेचा_वैद्य
मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला पशुवैद्य आहे. घोडी प्रत्यक्ष न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून केवळ मूळ प्रश्नाबद्दल लिहितो.

आपल्या घरातील ताप फ्लूचा आहे असे गृहीत धरू. घोड्यांनाही फ्लू होतो, परंतु त्यांचा विषाणू वेगळा आहे. घोड्यांतील एच७एन७ हा प्रकार १९५६ साली प्राग येथे आणि एच३एन८ हा प्रकार १९६३ साली अमेरिकेतील मायामी येथे प्रथम वेगळा करण्यात आला. यांपैकी पहिला कित्येक दशकांत कुठे आढळलेला नाही, आज जगभर फिरतो तो दुसराच. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करेला चिकटावे लागते. घोड्याच्या श्वासनलिकेतील ही शर्करा आणि तिची जोडणी माणसाच्या श्वासमार्गात असते तशी नाही, त्यातला एक प्रकार तर माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. त्यामुळे दरवर्षी आपल्याला गाठणारे एच१एन१ आणि एच३एन२ हे विषाणू घोड्याच्या अंगात सहसा मूळ धरत नाहीत.

भारतात १९८७ साली आणि पुन्हा २००८-०९ मध्ये घोड्यांच्या फ्लूची मोठी साथ आली होती. दोन्ही वेळा तो घोड्यांचाच विषाणू होता. तेव्हा मोतद्दारांचे म्हणणे फ्लूपुरते बरेचसे खरे आहे, मात्र त्यांनी वापरलेला ‘कधीच’ हा शब्द मला मान्य नाही.

टांगेवाल्याचा_नातू
आमच्या आजोबांचा टांगा अनेक वर्षे सोलापूर स्थानकाबाहेर उभा असे. थंडीतापातही ते स्वतः खरारा करत म्हणजे घोड्याचे अंग घासत, तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी भरत आणि घोड्याच्या मानेवर डोके टेकवून उभे राहत. त्यांच्यामुळे घोडा आजारी पडल्याचे घरात कुणालाही आठवत नाही. जुन्या लोकांचा अनुभव इतक्या सहज मोडीत काढू नये असे मला वाटते.

अंकगणित
नातूसाहेब, आदर राखून विचारतो. आजोबांचा घोडा जेव्हा केव्हा खोकला असेल, तेव्हा त्याचे कारण कोणी तपासले होते काय? तपासणीच झाली नसेल तर ‘आठवत नाही’ एवढेच म्हणता येईल, ‘घडले नाही’ असे म्हणता येणार नाही.

टांगेवाल्याचा_नातू
हे मान्य आहे. तथापि नेमका हाच न्याय उलट बाजूलाही लावावा. घरात ताप आणि पागेत खोकला एकाच आठवड्यात आला म्हणून एकाने दुसऱ्याला दिला असेही ठरत नाही. आमच्या आजोबांचा घोडा थंडीच्या दिवसांत नेहमी खोकत असे, आणि त्याचे कारण कडब्याची धूळ असल्याचे ते सांगत.

पागेचा_वैद्य
आजोबांचे निरीक्षण अचूक होते. बुरशी धरलेला, धुळकट कडबा बंद पागेत टाकला की काही घोड्यांच्या श्वासनलिका आकसतात आणि दम्यासारखा खोकला सुरू होतो. आपल्याकडचा मालदांडीचा कडबा कितीही चांगला असला तरी पावसात भिजून वाळलेला असेल, तर तो झटकून आणि किंचित पाणी शिंपडून द्यावा. अशा खोकल्यात बहुधा ताप नसतो. माळशिरसकरांनी थर्मामीटरचा आग्रह धरला त्याचे महत्त्व इथे कळते.

दोघे एकदम आजारी पडण्याची आणखी एक तऱ्हा असते. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासामार्फत माणसालाही होतो आणि घोड्यालाही, पण या दोघांच्या रक्तात तो इतका वाढत नाही की त्यांना चावलेला डास पुढे तो पसरवू शकेल. त्याचा साठा डुकरे आणि बगळे यांच्यात असतो. म्हणजे एकाच वस्तीतील माणूस आणि घोडा दोघेही आडवे झाले तरी त्यांनी एकमेकांना काही दिलेले नसते.

औषधमात्रा
मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून रुग्णालयांतील जंतुसंसर्ग हा माझ्या कामाचा विषय आहे. ‘कधीच’ या शब्दाला माझाही आक्षेप आहे, कारण माणसाकडून घोड्याकडे गेलेल्या जंतूचे एक चांगले अभ्यासलेले उदाहरण उपलब्ध आहे.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात विनातक्रार राहतो. त्याचा मेथिसिलिन या गटातील प्रतिजैविकांना न जुमानणारा प्रकार म्हणजे एमआरएसए. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००० सालाच्या आसपास घोड्यांच्या रुग्णालयात आणि काही पागांत हा जंतू सापडू लागला, तेव्हा घोड्यांबरोबरच त्यांच्या देखभालीतील माणसांच्या नाकांचेही नमुने घेण्यात आले. दोन्हीकडे सापडलेला जंतू प्रामुख्याने एकाच वंशाचा होता, आणि तो वंश माणसांतून आलेला होता. माणसांनी तो घोड्यांपर्यंत नेला, घोड्यांमध्ये तो टिकून राहिला आणि तिथून पुन्हा माणसांकडे आला, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. घोड्यांचे उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या नाकांत हा जंतू सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो, हेही अनेक देशांत दिसून आले आहे.

यात ताप-खोकल्याचा संबंध नाही. धोका असतो तो जखमेला, शस्त्रक्रियेच्या टाक्यांना आणि शिरेत खुपसलेल्या सुईच्या जागेला. हातावर गळू किंवा पू आलेली जखम असलेल्या माणसाने घोड्याच्या जखमेची पट्टी बदलू नये, इतके तरी पाळावे.

माळशिरसकर
औषधमात्राताई, माहिती उपयुक्त आहे, परंतु ती परदेशातील मोठ्या अश्वरुग्णालयांतील आहे. आमच्या तालुक्यात घोड्याचे पोट फाडून शस्त्रक्रिया कोण करतो? पोटशूळ उठला की रात्रभर त्याला चालवणे, डॉक्टर येईपर्यंत विठ्ठलाचे नाव घेणे, एवढेच आमच्या हाती असते. अशा ठिकाणी या जंतूची धास्ती घेण्यात किती अर्थ आहे?

औषधमात्रा
शस्त्रक्रिया नसेल, पण जीन घासून पाठीवर पडलेले व्रण आपल्याकडे घरोघरच्या घोड्यांना असतात. त्यांवर घरातील माणसांसाठी आणलेले मलम त्याच बोटाने लावले जाते, आणि व्रण चिघळला तर औषधाच्या दुकानातून विनाचिठ्ठी प्रतिजैविक आणून अर्धवट दिले जाते. जंतूला आणखी काय हवे असते? मोठे रुग्णालय नाही म्हणून धोका नाही हे मला पटत नाही, उलट आपल्याकडे तो मोजला जात नाही एवढाच फरक आहे.

चादरवाला
माझ्या चुलत्यांच्या घोडीला आमच्या चुलतीचे चेहऱ्याचे क्रीम लावले गेल्याची घटना मला ठाऊक आहे. घोडीला काही अपाय झाला नाही, चुलत्यांना मात्र झाला.

पंढरीची_वाट
माझी शंका वारीबद्दल आहे. माउलींच्या सोहळ्यातील अश्व दरवर्षी अंकलीहून येतात आणि माळशिरस ओलांडून वाखरीपर्यंतच्या रिंगणांत धावतात. रिंगण संपताच टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी आणि अश्वाला हात लावण्यासाठी किती झुंबड उडते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. लाखो माणसांपैकी अनेक जण खोकत असतात, अनेकांच्या त्वचेला काही ना काही झालेले असते. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण अश्वाच्या प्रकृतीच्या बाजूने या प्रश्नाचा विचार कुणी केला आहे का?

पागेचा_वैद्य
अशा गर्दीत श्वसनाचा आजार माणसाकडून अश्वाला होण्याची शक्यता, वर सांगितलेल्या कारणांमुळे, थोडी आहे. क्षयाच्या बाबतीतही घोडा बराच काटक ठरतो. माणसाकडून हत्तीला क्षय झाल्याची उदाहरणे आपल्या देशात नोंदलेली आहेत, घोड्यात मात्र हा रोग क्वचितच दिसतो.

त्वचेच्या बुरशीबाबत मी अधिक सावध राहीन. गजकर्ण करणाऱ्या बुरशींमध्ये घोड्यांवर वाढणारी ट्रायकोफायटन इक्वायनम आणि माणसाच्या डोक्यावर वाढणारी ट्रायकोफायटन टॉन्शुरन्स या अगदी जवळच्या नात्यातील आहेत. बहुतेक वेळा संसर्ग घोड्याकडून माणसाकडे येतो, आणि मोतद्दाराच्या दंडावर गोल चट्टा उठला की मी आधी घोड्याच्या तंगाखालची, म्हणजे खोगीर बांधायच्या पट्ट्याखालची जागा तपासत असे. परंतु बुरशीचे कण खराऱ्यात, झुलीत आणि खोगिराच्या नमद्यात महिनोन् महिने राहतात, त्यामुळे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर ती नेण्याचे काम माणूस न कळत करत असतो.

रिंगणाच्या अश्वाला खरी भीती आहे ती हातातून भरवल्या जाणाऱ्या पेढ्यांची, केळ्यांची आणि पुरणपोळ्यांची. नेहमीच्या चंदीपेक्षा वेगळे आणि गोड अन्न अचानक पोटात गेले की पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याला ओकारी करता येत नाही. भाविकांनी हात जोडावेत, प्रसाद आपण खावा.

अंकगणित
कोविडचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही याचे आश्चर्य वाटते. २०२० साली पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या त्या वर्षी आमच्या भागातील घोडेवाले हाच प्रश्न विचारत होते. त्याचे पुढे काय निष्पन्न झाले?

औषधमात्रा
कॅलिफोर्नियातील शर्यतीच्या घोड्यांचे रक्त तपासले असता त्यांतील काहींमध्ये माणसांच्या कोविड विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. त्यांचा संबंध आला तो त्यांना सांभाळणाऱ्या माणसांशीच, तेव्हा विषाणू तिकडूनच पोहोचला असावा असे मानले जाते. मात्र ताप आणि श्वसनाची लक्षणे असलेल्या घोड्यांच्या नाकातील नमुने तपासले तेव्हा त्यांत हा विषाणू मिळाला नाही. थोडक्यात, त्याने उंबरा ओलांडला, पण घरात बिऱ्हाड केले नाही. घोड्यांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू आहे, तो आतड्यांचा आजार करतो आणि त्याचा कोविडशी संबंध नाही.

विदर्भवासी_सोलापुरात
प्रजातींमधील भिंत दोन्ही बाजूंनी सारखी नसते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. घोडे, उंट आणि गुरे यांना गोमाश्यांच्या चाव्यातून सर्रा हा रोग होतो, त्याचा परजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी शोधला. माणसाच्या रक्तातील एका प्रथिनामुळे हा परजीवी माणसात मरतो, म्हणून तो माणसाला होत नाही असेच सर्व जण मानत होते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. तपासाअंती असे दिसले की त्या माणसाच्या रक्तात जन्मतःच ते संरक्षक प्रथिन नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

माळशिरसकर
उदाहरण विलक्षण आहे, परंतु ते पुन्हा जनावराकडून माणसाकडेच येते आहे. भीमाकाठ यांनी नेमकी हीच तक्रार केली होती.

विदर्भवासी_सोलापुरात
मान्य. मला एवढेच सुचवायचे होते की ‘लागत नाही’ हा नियम पुष्कळदा त्या व्यक्तीच्या किंवा त्या जनावराच्या अंगातील एखाद्या प्रथिनावर अवलंबून असतो. प्रजाती ओलांडणे हे अशक्य नसून बहुधा अवघड असते. घोड्यांचा एच३एन८ विषाणू २००४ साली फ्लोरिडात शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये शिरला आणि त्यानंतर कुत्र्यांमध्ये स्वतंत्रपणे पसरू लागला. त्याआधी चार दशके तो घोड्यांतच होता.

पागेचा_वैद्य
भीमाकाठ, इतक्या प्रतिसादांत एक प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून विचारतो. आपल्या पागेत अलीकडे नवे जनावर आले आहे का, किंवा आपली घोडी एखाद्या बाजारात वा वरातीत इतर घोड्यांजवळ उभी राहिली होती का?

भीमाकाठ
होय, अकलूजच्या घोडेबाजारातून आम्ही एक शिंगरू आणले आहे. ते थोरल्या घोडीच्या शेजारीच बांधलेले असून दोघांची पाण्याची बादली एकच आहे. शिंगराला इथे आल्यावर थोडा शेंबूड होता, तो प्रवासाचा परिणाम असेल असे विकणाऱ्याने सांगितले होते. आज घोडीचा ताप मोजला, तो ३९.६ भरला. डॉक्टर सायंकाळी येणार आहेत.

टांगेवाल्याचा_नातू
विकणाऱ्याने सांगितलेले कारण आणि भविष्य सांगणाऱ्याने सांगितलेला मुहूर्त, दोन्हींचा फायदा सांगणाऱ्यालाच होतो.

पागेचा_वैद्य
डॉक्टरांना शिंगरूही दाखवा. जबड्याखालच्या आणि घशाजवळच्या गाठी सुजल्या आहेत का, नाकातील स्राव पातळ आहे की पिवळा व घट्ट, हे ते पाहतील. नाकाच्या आत व्रण असतील किंवा पायांच्या कातडीखाली रांगेने गाठी आल्या असतील, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या जंतुजन्य, संसर्गजन्य रोगाची शंका घ्यावी लागते. त्या रोगात माणसाच्या जिवालाही धोका असतो आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार शासनाला कळवणे बंधनकारक असते. त्याचे रक्तनमुने तपासण्याचे काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात चालते. आपल्याकडे तसे असेलच असे मी म्हणत नाही, पण तपासणी होईपर्यंत कुणीही उघड्या हाताने नाक पुसू नये.

भीमाकाठ
डॉक्टर येऊन गेले. दोन्ही जनावरांच्या जबड्याखालच्या गाठी सुजल्या असून शिंगराची एक गाठ पिकत आली आहे. नाकात व्रण नाहीत. त्यांना स्ट्रँगल्सचा, म्हणजे घोड्यांच्या जबड्याखालच्या गाठी पिकवणाऱ्या जंतुजन्य आजाराचा दाट संशय आहे, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले आहेत आणि ग्लँडर्सच्या तपासणीसाठीही रक्त घेतले आहे. आमच्या घरातील तापाचा याच्याशी संबंध दिसत नाही असे त्यांनी सांगितले. मोतद्दार त्यामुळे अतिशय खूश आहेत.

पागेचा_वैद्य
त्यांना फार खूश होऊ देऊ नका. स्ट्रँगल्सचा स्ट्रेप्टोकोकस इक्वाय हा जंतू घोड्यांचाच असला तरी शिंगराकडून घोडीकडे तो बादलीतून आणि माणसाच्या हातांतूनही गेलेला असू शकतो. माणूस स्वतः आजारी न पडता घोड्याला आजारी पाडतो, ही वाट मी माझ्या नोकरीत सर्वांत जास्त वेळा पाहिली. ऑस्ट्रेलियात घोड्यांचा फ्लू कधीच नव्हता. २००७ साली आयात केलेल्या घोड्यांबरोबर तो सिडनीजवळच्या विलगीकरण केंद्रात आला. केंद्रातून तो बाहेर कसा पडला याची चौकशी झाली, तेव्हा कपडे, हात किंवा साहित्य नीट स्वच्छ न करता बाहेर पडलेल्या माणसामार्फतच तो गेला असण्याची शक्यता सर्वाधिक असल्याचे नोंदवले गेले. पुढे हजारो घोडे आजारी पडले आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या.

स्ट्रँगल्समध्ये एक गोष्ट आपल्या बाजूची असते. आधी ताप येतो आणि जंतू नाकातून बाहेर पडू लागतात ते त्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून उरलेल्या घोडीचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजत राहा, तो चढताच तिला वेगळी करा. निरोगी जनावराचे काम आधी, आजाऱ्यांचे नंतर, आणि शक्य असल्यास दोन वेगळी माणसे. आईंनी आजारी माणसांना पागेपासून दूर राहायला सांगितले, तो सल्ला कारण वेगळे असले तरी चालू ठेवण्यासारखाच आहे.

औषधमात्रा
मोतद्दारांनाही विश्रांती द्यावी. तापलेला, थकलेला माणूस हात धुण्याचा कंटाळा करतो, यासाठी जंतुशास्त्र शिकावे लागत नाही.

भीमाकाठ
पुढच्या पंधरवड्यात धाकट्या घोडीसाठी वरातीच्या सुपाऱ्या घेतलेल्या आहेत. तिला ताप नाही. तिला पाठवावे का?

माळशिरसकर
मुळीच पाठवू नये. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ३ ते १४ दिवस जाऊ शकतात. वरातीत दुसऱ्या घोडेवाल्याची घोडी शेजारी उभी राहिली तर पुढचा धागा तो काढील, आणि त्यात आपले वर्णन येईल.

चादरवाला
नवरदेवाला चारचाकीतून जायला सांगा. पडण्याची भीतीही उरत नाही.

भीमाकाठ
सुपाऱ्या परत करतो आहे. आता शेवटचा प्रश्न असा की लाकडी गव्हाण, कापडी तोबरे आणि पाण्याचा सामाईक हौद यांचे काय करावे? फिनाईल टाकून भागेल का?

पागेचा_वैद्य
नुसते फिनाईल ओतून भागणार नाही. शेंबूड, लाळ आणि चाऱ्याचा थर तसाच राहिला तर कोणतेही जंतुनाशक त्याखाली पोहोचत नाही, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने घासून काढावे, वाळू द्यावे आणि मगच जंतुनाशक लावावे. हौद पूर्ण रिकामा करून घासा, कारण पाण्यात हा जंतू काही आठवडे तग धरू शकतो, आणि यापुढे प्रत्येक जनावराला वेगळी बादली ठेवा. कापडी तोबरे उकळून उन्हात टाका, फार जुने असतील तर जाळा. आजारी जनावरे बरी दिसू लागली तरी आणखी काही आठवडे त्यांच्या नाकातून जंतू पडत राहतात, आणि सुमारे दहातील एका घोड्याच्या घशामागील पोकळीत ते त्यानंतरही दडून राहतात. त्यामुळे डॉक्टर पुन्हा नमुने घेऊन मोकळीक देईपर्यंत शिंगराला हौदाकडे सोडू नका.